ऊसतोडीच्या हंगामात आम्ही फिरायला गेलो

यंदा आम्ही ऊसतोडीला गेलो नाही, आणि आम्ही आजारीही नव्हतो. यातलं दुसरं आधी सांगायला पाहिजे होतं, कारण सगळा वाद त्यावरूनच झाला. मी आजारी असते तर गावानं समजून घेतलं असतं. पोटाचं ऑपरेशन झालेल्या बाईला टोळीत दोन महिने कुणी काही म्हणत नाही. तिसऱ्या महिन्यात ती मोळ्या वाहताना दिसते. पण मी धडधाकट होते. धडधाकट असून काम नको म्हणणारी बाई आमच्या तांड्या-वाड्यांत कुणी पाहिलेलीच नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मुकादमाच्या भाषेत नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. आमचा कोयता चोवीस वर्षं चालला. दिवाळी झाली की ट्रकमध्ये बसायचं आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परत यायचं. त्याआधी लहानपणी आई-बापाबरोबर तसंच. म्हणजे बीड जिल्ह्यात जन्मून, बीड जिल्ह्यात लग्न होऊन मी बीड जिल्ह्याचा हिवाळा पाहिला नव्हता. आमच्या शिवारात हुरडा कधी होतो, थंडीत माजलगावच्या धरणाचं पाणी कसं दिसतं, हे मला पाटलांच्या सुना सांगायच्या. हंगामाचे खाडे पडूनही मी दहावीपर्यंत शिकले. मोबाईल नव्हते तेव्हा टोळीतल्या बायांची गावाकडची पत्रं मीच लिहायची. आता ही माझी स्वतःची हकीकत लिहिते.

भागवत मुकादम आमच्या दारात येऊन बसले. आम्ही उचल, म्हणजे हंगामाआधीचे पैसे, घेतलेच नव्हते, त्यामुळे त्यांना दटावता येईना.

"वैनी, कंबर दुखती का?"

"न्हाई."

"लेकीचं बाळतपण हाय?"

"न्हाई."

"मग कावून येत न्हाई?"

"फिरायला जायचंय."

मुकादम आधी हसले, मग माझ्या नवऱ्याकडं वळून हळूच म्हणाले, "रामकिसनदादा, हिला कुटं तर दाखवून आणा. बाहेरचं काय तर दिसतंय."

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. कागदावर घेते. रामकिसन. स्वभावानं गरीब, कामाला वाघ, आणि लाजाळू. माझा हट्ट त्यांनी मान्य केला, पण लोकांना काय सांगायचं हा घोर त्यांच्या मनातून गेला नाही. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी मला विचारलंच, दुष्काळात कसली फिरायची हौस? मी म्हटलं, दुष्काळ काय आमच्या घरी पाव्हणा म्हणून आलाय, की तो आहे तोवर दार सोडून जायचं नाही? टँकर यायचा तेव्हा येईल. माझ्या दोन घागरी शेजारची यमुनाआजी भरून ठेवील. दोन बोकड विकले होते, तेवढ्यात आमचं भागणार होतं. त्यावर आणखी कुणी काही विचारलं नाही, पण पाठीमागं बोलले असणारच.

घाट

मी पिशवीत दोन लुगडी, स्वेटर आणि आरसा घेतला. बाहेर येऊन बघते तर रामकिसननी मोटारसायकलवर ताडपत्री, तवा, परात, पंधरा दिवसांचं पीठ, सरपणाची मोळी आणि पाण्याचा कॅन असं सगळं दोरखंडानं आवळून बांधलेलं. दोरीची गाठसुद्धा मोळीची.

"कारखान्याला चाललोय का आपण?" मी म्हटलं.

"घराबाहेर पडायचं म्हणलं की एवढं लागतंच," ते म्हणाले. चोवीस वर्षं घराबाहेर पडणं म्हणजे एकच गोष्ट, त्यांचे हात दुसरं काय बांधणार? मी सरपण आणि परात काढायला लावली. बाकीचं राहिलं.

धारूरचा घाट आम्ही दर वर्षी उतरायचो, पण ट्रकमध्ये, बोचक्यांवर बसून, अंधार पडल्यावर. घाटाला वळणं आहेत एवढं माझ्या पोटाला माहीत होतं. या वेळी सकाळी आठला उतरलो. सीताफळीची झाडं पानं गाळून बसलेली, डोंगर पिवळा, आणि खाली माजलगावकडचा सपाट मुलूख धुक्यात. अर्ध्या घाटात मी गाडी थांबवायला लावली.

"काय झालं?"

"काय न्हाई. बघू द्या."

ते गाडी बंद न करता उभे राहिले. मागून एक ट्रक आला, आमच्यासारख्यांनी भरलेला, उशिरा निघालेली टोळी असावी. वरून एका बाईनं ओरडून विचारलं, "गाडी बिघडली का हो?" रामकिसन म्हणाले, "हो." मला राग आला, पण थंडी इतकी छान होती की मी तो गिळून टाकला.

सिरसाळा

तेलगावहून माजलगावला सरळ जायचं सोडून आम्ही वाट वाकडी करून सिरसाळ्याला गेलो, कारण तिथला बाजार मला हिवाळ्यात बघायचा होता. बाजार निम्मा बसलेला. धान्याचे ढीग लहान, माणसं त्याहून कमी. पण बोरं होती, ओला हरभरा होता, काळे तीळ होते. हॉटेलात गरम भजी निघत होती. आम्ही बाकड्यावर बसलो. आमच्याकडं मिरचीची भजी हिरवीगार तिखट करतात. इथं मिरचीच्या पोटात चिंच भरलेली होती. मी दोन प्लेट खाल्ल्या.

हॉटेलवाल्यानं बाहेरच्या गाडीवरचं सामान बघून विचारलं, "कोणत्या कारखान्याला?"

माझ्या तोंडात भजं होतं. तेवढ्यात रामकिसननी सांगून टाकलं, "कर्नाटकात."

"गाडीवरच जाताव?"

"पुढं ट्रक गाठायचाय."

"लई लांब की हो," म्हणून त्या माणसानं मायेनं आम्हाला जास्तीचं भजं दिलं. ते मी खाल्लं नाही. बाहेर आल्यावर म्हटलं, "खोटं कावून बोललात?"

"मग काय सांगू? सारा गाव उसात घाम गाळतोय आन् आमी भजी खात फिरतोय म्हणू?"

"हो. तसंच म्हणा."

"तुला जमतंय. मला न्हाई जमत." आणि त्यांनी किक मारली. हेच आमचं भांडण होतं, पूर्ण प्रवासभर. मला जिल्हा बघायचा होता, पण त्याहून जास्त मला त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं की आम्ही फिरायला आलोय. चोरून सुट्टी घ्यायला मी घराबाहेर पडले नव्हते.

माजलगाव

संध्याकाळी माजलगावात लॉज शोधला. मॅनेजरनं आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"टोळीवाल्यांना रूम देत न्हाई आमी. चूल पेटवतेत आत."

"आमी टोळीवाले न्हाई," मी म्हटलं. "फिरायला आलोय. धरण बघायला."

तो हसलाच. "धरणात पाणी किती ऱ्हायलंय मावशी, काय बघताव?"

मी पुढं बोलणार इतक्यात मागून रामकिसनचा आवाज आला, "दवाखान्याला आलोय साहेब. हिला दाखवायचंय."

मॅनेजरचा चेहरा पालटला. "मग आधी सांगायचं न्हाई का." त्यानं तळमजल्यावरची रूम दिली, जिना चढायला नको म्हणून, आणि गरम पाण्याची बादली स्वतः आणून ठेवली. धडधाकट बाईला खोली नाही आणि आजारी बाईला गरम पाणी, हा माझ्या जिल्ह्याचा नियम मला त्या बादलीपाशी बसून पुरता समजला. मी अंघोळ मात्र मनसोक्त केली. आमच्या गावात सहा महिन्यांत कुणी अख्खी बादली अंगावर घेतली नव्हती.

कपडे काढायला बोचकं सोडलं तर पिठाच्या पिशवीमागं गोणपाटात गुंडाळलेला कोयता निघाला. नुकतीच धार लावलेला. मी तो कॉटवर ठेवला. रामकिसननी बघितलं.

"सवय हाय," ते म्हणाले. "मोकळ्या हातानं घराबाहेर पडलं की कसंनुसं होतंय."

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. या माणसानं तोडलेला ऊस बोटभरही वर राहत नाही, जमिनीबरोबर. टोळीत त्याचा मान आहे. बिनकामाचा तो कोण, हे त्याला कुणी कधी सांगितलंच नाही. कोयता मी परत गुंडाळून ठेवला.

पहाटे तीनला आम्ही दोघंही जागे झालो, रोज उसाच्या फडात तोडीला जायच्या वेळेला. मी डोळे मिटून पडून राहिले, मुद्दाम, पाठ दुखेपर्यंत. आठ वाजेपर्यंत झोपणं हे भलतंच कष्टाचं काम आहे.

बेट

धरणाच्या भिंतीवरून पाणी बघून मॅनेजरचं म्हणणं पटलं, पण निम्मंच. पाणी आटलं होतं हे खरं. मात्र आटल्यामुळंच मागच्या फुगवट्यात बेटं वर आली होती. आम्ही काठाकाठानं कच्च्या रस्त्यानं गेलो. उजवीकडं पाणी, त्यात एकामागून एक बोडकी टेकाडं, पाण्याच्या जुन्या खुणा त्यांच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांनी उमटलेल्या. वारं गार, ऊन कोवळं. एका बेटाला हिरवा काठ होता. अख्ख्या तालुक्यात करपून गेलेला रंग इथं होता, आणि मला तिथं जायचंच होतं.

काठावर मच्छीमारांच्या सहकारी संस्थेचा पत्र्याचा शेड होता. जाळी वाळत घातलेली. तिथं गयाबाई भेटल्या, माझ्याच वयाच्या, कमरेला पदर खोचून होडीतलं पाणी डब्यानं उपसत होत्या.

"ते हिरवं काय हाय?" मी विचारलं.

"गाळपेर. पाणी हटलं की गाळ उघडा पडतोय, त्यात आमी पेरतो. हरभरा हाय, थोडी ज्वारी हाय. दुष्काळ पडला की आमाला रान मिळतंय बघा." त्या हसल्या. "तुमी कुणाकडं आलाव?"

"गाय बघायला," रामकिसन म्हणाले. आता मला हसूच फुटलं. बेटावर गाय बघायला! गयाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"मी बेट बघायला आलेय," मी म्हटलं. "न्याल का?"

"त्यात काय. चला की."

रामकिसन गाडीवरचं पाणी आणायला गेले. काठाच्या वरच्या अंगाला ऊस होता, मोटारी लावून धरणाचं पाणी प्यालेला, माणसाच्या दीडपट उंच. आमच्या गावात माणशी घागर मोजून पाणी, आणि इथं उसाच्या सरीत गुडघाभर चिखल. ते बघून मला जे वाटलं ते लिहिलं तर शिवी होईल. त्या फडात तोड चालू होती. टोळी विदर्भातली. आम्ही तोडायला कर्नाटकात जायचं आणि आमच्या दारचा ऊस तोडायला विदर्भातून माणसं यायची.

बराच वेळ झाला तरी रामकिसन येईनात म्हणून मी वर गेले. ते कारखान्याच्या शेतकी खात्याच्या माणसाशी बोलत होते. तो मोटारसायकलवर बसलेला, हातात तोडीच्या चिठ्ठ्या. पुढं ट्रॅक्टर अर्धा भरून उभा.

"एक कोयता गावाकडं गेलाय, पोरगं आजारी पडलं म्हणून," तो मला सांगायला लागला. "तुमचं सामान बघितलं आन् विचारलं. दादा म्हणले कोयता हाय. मंग लागा आताच. म्हैनाभर काम हाय इथं."

मी रामकिसनकडं बघितलं. "तुमी काय म्हणलात?"

"येतो म्हणलो." त्यांची नजर खाली. "घराजवळ हाय. पाण्याच्या कडंला हाय. असा फड जल्मात मिळाला न्हाई आपल्याला. बेट काय, रोज दिसंल की इथून."

"मला इचारलं?"

चोवीस वर्षांत कधी विचारायची वेळच आली नव्हती. त्यांनी हो म्हटलं की माझं हो झालेलं असायचं, कारण कोयता दोघांचा. मोळी बांधणाऱ्या दोन बाया हात थांबवून बघत होत्या.

"मी येणार न्हाई," मी म्हटलं. मोठ्यानं, त्या दोघींना ऐकू जाईल असं. "मला काय झालेलं न्हाई. मी आजारी न्हाई, माझ्या घरी कुणी मेलं न्हाई. मी सुट्टीवर हाय."

शेतकीवाला चिठ्ठ्या चाळत म्हणाला, "मावशी, रागवू नका. आजच्या दिवस अर्धा कोयता बी चालंल. गाडी तर भरली पाहिजे."

"मग ह्यांना न्या," मी म्हटलं आणि उतारावरून खाली आले. मागं वळून बघितलं नाही. गयाबाईंच्या होडीत पाय ठेवला तेव्हा ती अशी डुचमळली की मी मटकन खालीच बसले. लुगडं भिजलं. गयाबाई म्हणाल्या, "मालक येत न्हाईत?" मी म्हटलं, "त्यांना काम लागलं."

पाण्यावर थंडी निराळीच असते. नाकात शिरते. वल्ह्याचा आवाज, आणि पुढं नारिंगी रंगाच्या मोठ्या बदकांचा थवा. गयाबाई म्हणाल्या, ही पाखरं दिवाळीनंतर कुठून तरी लांबून येतात आणि उन्हाळा लागला की जातात. म्हणजे आम्ही गेलो की ही यायची, आणि ही गेली की आम्ही. इतकी वर्षं एकाच जिल्ह्यात येऊन-जाऊन असून आमची गाठ पडली नव्हती. मी त्यांना पोटभर बघून घेतलं.

बेट मोठं नाही. वर बाभळी, खाली काळ्या भेगाळलेल्या गाळात हरभरा आणि छातीएवढी ज्वारी. गयाबाईंनी कणसं मोडून आणली, शेणकुटांच्या आरात भाजली आणि हातावर चोळून हुरडा माझ्या पदरात टाकला. बरोबर तिळाची चटणी, गूळ, आणि सकाळचं कटल्याचं कालवण. आम्ही डोंगरावरची माणसं मासा फारसा खात नाही, काट्यांना भितो. गयाबाईंनी मला काटा कसा चोखायचा ते शिकवलं. हुरडा गोड होता, कोवळा, दुधाळ. चाळिशी उलटून गेल्यावर मी पहिल्यांदा आपल्या जिल्ह्यात हुरडा खाल्ला. मला रडू आलं. गयाबाईंना वाटलं धूर लागला.

त्या हरभऱ्याचं तण काढायला बसल्या तसे माझे हात आपोआप पुढं गेले. मी ते मागं घेतले. "गयाबाई, रागवू नका. आज मी हात लावणार न्हाई."

"कावून लावताव? बसा. मी हाय की," त्या म्हणाल्या.

म्हणून मी बसले. बसणं सोपं नव्हतं. समोरच्या काठावर फड दिसत होता आणि त्याच्या कडेला एक पांढरा ठिपका, तो रामकिसन हे मला मैलावरूनही कळतं. एकटेच तोडत होते. तोडलेला ऊस त्यांच्या मागं तसाच पसरत चालला होता, कारण बांधायला मी नव्हते. मधूनच ते कोयता टाकून मागं यायचे, मोळी आवळायचे, स्वतःच डोक्यावर घ्यायचे आणि ट्रॅक्टरकडं जायचे. माझ्या मानेला ते ओझं जाणवत होतं. दोनदा तोंडावर आलं की गयाबाई, मला काठावर सोडा. दोन्ही वेळा मी हुरड्याचा घास घेतला. दुपारभर मी उन्हाला पाठ देऊन बसले, बेटाला एक फेरी मारली, शिंपले वेचले, परत बसले. त्यांच्यासाठी हुरडा मात्र मी बांधून घेतला नाही. मुद्दाम.

दिवस मावळताना गयाबाईंनी मला काठावर आणून सोडलं. ट्रॅक्टर गेला होता. रामकिसन गाडीपाशी खाली बसले होते, पाचटानं हातावर ओरखडे, मानेला माती लागलेली. मी जवळ गेले. ते माझ्या भिजून वाळलेल्या लुगड्याकडं बघत राहिले.

"लई जड असतीया गं मोळी," ते म्हणाले.

ते मला चोवीस वर्षांपासून माहीत होतं.

"कसं हाय तिथं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. बदकांचं सांगितलं, काटा चोखायचं सांगितलं, हुरड्याचं सांगितलं. पाणी संपलेल्या कॅनचं झाकण फिरवत ते ऐकत होते. तेवढ्यात शेतकीवाला मोटारसायकलवर आला.

"दादा, काम नंबरी हाय तुमचं. उद्या दोघंबी या. जोडीनं कोयता लावतो, जागा बी देतो ऱ्हायाची कोप घालायला."

"उद्या न्हाई जमायचं," रामकिसन म्हणाले.

"कावून? कुटं जायचंय?"

मी वाट बघत उभी राहिले. बिघडलेली गाडी, कर्नाटक, दवाखाना, गाय, आता काय येतंय ते.

"बेटावर."

"तिथं काय काम हाय?"

"काम काय बी न्हाई," रामकिसन म्हणाले. "हिनं बघितलंय. मी आजून बघितलं न्हाई."